किल्ली कोणाकडे?

रिलीजच्या शनिवारी रात्री साडेअकरा वाजता आमच्या मजल्यावरचा एसी बंद व्हायचा. अंधेरी पूर्वेची एमआयडीसी, काचेची इमारत, न उघडणाऱ्या खिडक्या, आणि आत आम्ही दोघीच: मी आणि आमच्या मॅडम. माझ्या स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या असायच्या. एकीत लॉगला टेल लावलेला, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी लिहिल्या जातील तशा दिसत राहायच्या, दुसरीत मी कमांड द्यायचे. काम विम्याच्या हप्त्यांच्या ॲप्लिकेशनचं. टेस्टिंगवाले फोनवरून चूक सांगणार, डेव्हलपर घरून ती दुरुस्त करून नवी वॉर फाइल, म्हणजे सगळं ॲप्लिकेशन बांधलेली एकच फाइल, पाठवणार, मी ती टॉमकॅटवर, म्हणजे जावाची ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या सर्व्हरवर, रीडिप्लॉय करणार आणि पुन्हा फोनची वाट बघणार.

२०१० च्या मे महिन्यातली अशीच एक रात्र. पहिला रीडिप्लॉय झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. चौथ्याला लॉग मध्येच थांबला. एरवी धो धो वाहणाऱ्या ओळी गप्प झाल्या, आणि मग एकच ओळ आली: जावा.लँग.आउटऑफमेमरीएरर: पर्मजेन स्पेस. म्हणजे पर्मजेन नावाच्या कप्प्यातली मेमरी संपली. त्यानंतर तीच ओळ, पुन्हा पुन्हा.

मॅडमनी मान वर न करता विचारलं, “चौथा होता ना? मारून परत उठव.”

त्यांच्या टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची एक वही असायची. सर्व्हरबद्दल जे जे अनुभवाने कळलं ते त्यात. तिच्या दुसऱ्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं: ‘तीन रीडिप्लॉय झाले की रिस्टार्ट.’ खाली दोन रेघा. रिस्टार्ट म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्याच टॉमकॅटवर अजून दोन ॲप्लिकेशन्स होती, एक एजंट मंडळींचं आणि एक हॉस्पिटलच्या क्लेमचं, आणि क्लेमचं रात्रीसुद्धा चालू ठेवावं लागायचं. आमच्या एका चुकीसाठी त्या दोघांनाही पाच-सात मिनिटं झोपवायचं. म्हणून तर रीडिप्लॉय करायचा, सर्व्हर चालू ठेवून फक्त आपलं ॲप्लिकेशन बदलायचं.

“पण का होतं असं?” मी विचारलं.

“मी इथे आले तेव्हापासून होतंय,” त्या म्हणाल्या. “कोणाला शोधायला वेळ मिळाला नाही. तू शोध.”

हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं, आणि मीही ते मनापासून घेतलं. पुढचे चार महिने मी फावल्या वेळात तेच करत होते.

मला छळणारी गोष्ट ही होती की जावा शिकताना आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: सी-मध्ये मेमरी मागून घ्यावी लागते आणि आठवणीने परत करावी लागते, जावामध्ये परत करायची काळजी तुम्हाला नाही, गार्बेज कलेक्टर बघून घेतो. कल्पना जावाच्या बरीच आधीची. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी ती मांडली, त्यांचा तो लेख १९६० चा. पन्नास वर्षं मुरलेली युक्ती आपल्याच सर्व्हरवर चौथ्या खेपेला का हरते?

उत्तर कळायला आधी एक समजूत सोडावी लागली. मला वाटायचं कलेक्टर कचरा शोधतो. खरं तर तो जे जिवंत आहे ते शोधतो. काही ठरावीक जागांपासून तो निघतो: चालू असलेले थ्रेड (एकाच वेळी चाललेल्या कामांचे धागे), त्या थ्रेडच्या हातातली व्हेरिएबल्स, जावाच्या स्वतःच्या क्लासमधली स्टॅटिक फील्ड्स. क्लास म्हणजे मेमरीतल्या वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, ज्यावरून बनतात तो साचा, आणि स्टॅटिक फील्ड म्हणजे त्या साच्याकडेच राहणारी किंमत. या निघण्याच्या जागांना रूट म्हणतात. तिथून जे ज्याला धरून आहे त्याच्यापर्यंत जायचं, मग त्याने ज्याला धरलंय त्याच्यापर्यंत, असं शेवटपर्यंत. जिथे पोचता आलं नाही ती सगळी जागा मोकळी. दोन ऑब्जेक्ट एकमेकांना कितीही घट्ट धरून बसले, पण बाहेरून त्यांना कोणी धरलेलं नाही, तर दोन्ही जातात. आणि एखादा ऑब्जेक्ट महिनोन् महिने कोणी वापरला नाही, पण एका जिवंत थ्रेडच्या कुठल्याशा खिशात त्याचा पत्ता राहिला, तर तो हलत नाही. कलेक्टरला वापर दिसतच नाही, त्याला फक्त पकड दिसते.

आणि पर्मजेनमध्ये ऑब्जेक्ट नव्हे, क्लास राहायचे. नावच परमनंट जनरेशन. ज्या काळात ते ठरलं तेव्हा गृहीत असं होतं की क्लास एकदा आला की प्रोग्राम संपेपर्यंत राहणार. मूळची कमाल मर्यादा साधारण ६४ एमबी. ॲप्लिकेशन सर्व्हर आले आणि त्यांनी हे गृहीत मोडलं, कारण टॉमकॅट प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतःचा वेगळा क्लासलोडर, म्हणजे त्याचे क्लास मेमरीत आणणारा भाग, देतो, आणि रीडिप्लॉय म्हणजे जुना लोडर सोडून नवा घ्यायचा. जुन्या लोडरला कोणीही धरलेलं नसेल तर तो त्याच्या सगळ्या क्लाससकट जाऊ शकतो. जाण्याची सोय होती. कोणीही धरलेलं नसेल तर.

इथे साखळी कशी आहे ती बघा. प्रत्येक ऑब्जेक्टला आपला क्लास माहीत असतो. क्लासला त्याला आणणारा लोडर माहीत असतो. लोडरकडे त्याने आणलेल्या प्रत्येक क्लासची नोंद असते, आणि प्रत्येक क्लासकडे त्याची स्टॅटिक फील्ड्स, म्हणजे त्यात साठवलेली कोष्टकं, कॅश, कनेक्शन पूल, सगळं. स्प्रिंग आणि हायबरनेट या तयार लायब्रऱ्या घेऊन आलेल्या आमच्या ॲप्लिकेशनमध्ये हजारो क्लास होते. त्यातल्या कुठल्याही एका क्लासचा एक ऑब्जेक्ट, दोन-तीन डझन बाइटचा, बाहेरच्या कोणी धरून ठेवला की त्याच्यामागे सगळं जुनं ॲप्लिकेशन उभं राहतं. अर्धवट काही नाही. एका ऑब्जेक्टसाठी सगळं.

वहीतल्या नियमाचा हिशेब मी नंतर मांडला. आमच्या सर्व्हरला पर्मजेन २५६ एमबी दिलेली. टॉमकॅट आणि बाकीची ॲप्लिकेशन्स मिळून पाऊणशेच्या आसपास, आमचं ॲप्लिकेशन दर खेपेला साधारण ४०. पहिल्या डिप्लॉयला ११५, मग १५५, १९५, २३५. चौथ्या रीडिप्लॉयला २७५ लागणार आणि जागा २५६ चीच. मॅडमच्या लाल रेघा एमबीपर्यंत बरोबर होत्या. कोणीतरी मधे उपाय म्हणून २५६ चे ५१२ करा असंही सुचवलं होतं. त्याने चौथ्याऐवजी दहाव्या खेपेला पडलं असतं, एवढंच.

त्याच मे महिन्यात आमची चाळ रिकामी झाली. चिंचपोकळीची, बेचाळीस खोल्यांची, लाकडी जिन्याची. उपकरप्राप्त, ‘अ’ वर्ग, म्हणजे सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेली. माझे आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून आम्ही तिथे पागडीने. रिडेव्हलपमेंटचं किती वर्षं चाललं होतं, अखेर करार झाले, बिल्डरने भाड्याचे चेक दिले आणि जो तो पांगला. आम्ही कळव्याला आलो. पावसाळ्याआधी इमारत पाडायची असं ठरलं होतं.

पाडता आली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीला कुलूप होतं.

ती खोली मला लहानपणापासून बंदच आठवते. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, आणि महिने उलटले तसे कितीतरी जण बिऱ्हाड आवरून कोकणात परत गेले. बरेच जण जाताना खोली सोडत नव्हते, कुलूप लावून जात. संप मिटेल, परत येऊ. ह्या खोलीतले काका देवगडकडचे. ते आलेच नाहीत, पण वर्षाचं भाडं मात्र मनीऑर्डरने न चुकता यायचं. त्यामुळे हक्क शाबूत. भाडेकरू आहे, भाडं भरलेलं आहे, त्याची सही नाही, कुलूप तोडायचं कोणी?

जून लागला आणि एकेचाळीस रिकाम्या खोल्यांची ती इमारत एका खोलीसाठी भर पावसात उभी राहिली. मी एकदा संध्याकाळी मुद्दाम बघायला गेले होते. नळ तोडलेले, दारं काढून नेलेली, गॅलरीच्या कठड्यावर कोणाची तरी तुळशीची कुंडी तशीच. जिन्यातला दिवा मात्र लागत होता, कारण वॉचमन ठेवावा लागला होता आणि वॉचमनला दिवा हवा. त्या दाराशी जाऊन मी कुलूप हातात घेऊन पाहिलं. पितळी, जड. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळली होती आणि वर सुतळी बांधली होती. पिशवी जुनी नव्हती. म्हणजे चाळीतलं कोणीतरी दर पावसाळ्यात ती बदलत होतं. नंतर कळलं, आईच बदलायची. काका जाताना तिला सांगून गेले होते, “वहिनी, कुलपाकडे जरा लक्ष असू दे.”

बिल्डरची माणसं, कमिटीची माणसं सगळे काकांना शोधत होते. करारात नाव त्यांचं, पावतीवर नाव त्यांचं. देवगडला पत्रं गेली, माणूस जाऊन आला. काका खूप थकले होते, सही द्यायला तयार होते, पण किल्ली त्यांच्याकडे नव्हती आणि आतलं सामान बघितल्याशिवाय सही करणार नाही एवढं एकच त्यांचं म्हणणं होतं. महिनाभर सगळे तिथेच अडकले. एका रात्री जेवताना मी आईला हे सगळं विचारत होते, की अशी खोली कायद्याने कोणाची होते वगैरे. ती भात वाढता वाढता म्हणाली, “खोली कोणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे गं. किल्ली कोणाकडे ते विचारा ना.”

माझ्या ऑफिसच्या कामात मीसुद्धा महिनाभर पहिलाच प्रश्न विचारत होते. हे ऑब्जेक्ट कोणाचे, कुठल्या मॉड्यूलचे, किती मोठे. मोठा ऑब्जेक्ट दिसला की त्याच्यामागे लागायचं. ते सगळे आमच्याच जुन्या ॲप्लिकेशनचे निघायचे आणि तिथे वाट संपायची.

दुसऱ्या दिवशी मी टेस्ट सर्व्हरवर तीन रीडिप्लॉय केले, जेमॅप या साधनाने हीप डंप, म्हणजे मेमरीतल्या सगळ्या ऑब्जेक्टचा त्या क्षणीचा फोटो, काढला आणि एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडला. यावेळी ऑब्जेक्ट शोधले नाहीत, लोडर शोधले. टॉमकॅटच्या वेबॲपक्लासलोडरमध्ये ‘स्टार्टेड’ नावाचं एक फील्ड तेव्हा असायचं. ॲप्लिकेशन चालू असेल तर ट्रू, थांबवलं असेल तर फॉल्स. आमच्या ॲप्लिकेशनच्या नावाचे चार लोडर मिळाले. एक ट्रू. तीन फॉल्स. थांबलेले, टॉमकॅटने सोडून दिलेले, आणि तरीही तिथेच. त्या तीन ओळींकडे मी बराच वेळ बघत बसले. पहिल्या फॉल्सवर राइट क्लिक करून रूटपर्यंतचा रस्ता मागितला, कमकुवत संदर्भ वगळून. कारण वीक आणि सॉफ्ट संदर्भ किल्ली धरत नाहीत, वेळ आली की सोडतात. खरी पकड तेवढी दाखव.

रस्ता आला. मधले किरकोळ थांबे सोडले तर असा: लोडर, त्याच्यावर मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरचा क्लास, त्याच्यावर ड्रायव्हरचा एक ऑब्जेक्ट, आणि सर्वात वर जावाचा स्वतःचा ड्रायव्हरमॅनेजर.

हे असं होतं. डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर आला की तो ड्रायव्हरमॅनेजरच्या यादीत स्वतःची नोंद करतो. ड्रायव्हरमॅनेजर हा जावाचा क्लास, सगळ्या ॲप्लिकेशन्सचा सामाईक, कधीच न जाणारा. ड्रायव्हरची जार, म्हणजे त्याच्या कोडची फाइल, आमच्या वॉर फाइलच्या पोटात, म्हणून तो आला आमच्या लोडरमधून. ॲप्लिकेशन थांबलं, पण यादीतलं नाव कोणी खोडलं नाही. नोंद करायला एकही ओळ लिहावी लागत नाही, जावा ६ पासून तर ती आपोआप होते. काढायला मात्र ओळ लिहावी लागते, आणि आमच्यापैकी कोणी ती लिहिली नव्हती. आम्हाला ती लिहायची असते हेच कोणी सांगितलं नव्हतं.

ह्यातली मला सर्वात आवडलेली बारीक गोष्ट वेगळीच आहे. ड्रायव्हरमॅनेजरच्या यादीतून दुसऱ्याचं नाव कोणालाही काढता येत नाही. काढण्याची विनंती कोणत्या लोडरच्या कोडमधून आली ते तो तपासतो, आणि तो ड्रायव्हर त्या लोडरला दिसणारा नसेल तर सरळ सिक्युरिटीची चूक फेकतो. म्हणजे टॉमकॅटला बाहेर उभं राहून आमचं नाव खोडता येत नाही. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या ६.०.२४ आवृत्तीत टॉमकॅटने हे काम आपल्या अंगावर घेतलं, आणि कसं, तर त्याच्याकडचा एक छोटासा क्लास तो जाणाऱ्या ॲप्लिकेशनच्याच लोडरमधून तयार करून घेतो, आणि मग तो क्लास आतला म्हणून नोंद काढतो. घरच्याच माणसाची सही लागते, म्हणून आधी घरचं व्हायचं. तो कोड वाचताना, ज्याने तो लिहिला त्याच्याबद्दल मला फार आदर वाटला. दुसऱ्याने न आवरलेलं घर आवरायला कोणीतरी एवढा विचार केला होता. त्याच आवृत्तीपासून लॉगमध्ये स्पष्ट शब्दांत येऊ लागलं की अमुक ॲप्लिकेशनने ड्रायव्हर नोंदवला पण थांबताना काढला नाही. आमचा टॉमकॅट ६.०.१८ होता, तो बिचारा काहीच बोलत नव्हता.

मी कॉन्टेक्स्ट लिसनर लिहिला. ॲप्लिकेशन थांबताना सर्व्हर त्याची डिस्ट्रॉइड ही पद्धत बोलावतो, तिथे आपली नोंद आपण काढायची. आठ-दहा ओळी. पुन्हा तीन रीडिप्लॉय, पुन्हा डंप. पुन्हा तीन फॉल्स.

यावेळचा रस्ता एका थ्रेडपाशी जाऊन थांबत होता. टॉमकॅटचा विनंत्या घेणारा थ्रेड, नाव एचटीटीपी आणि पुढे पोर्ट आणि आकडा. त्याच्या आत थ्रेडलोकलचा नकाशा, म्हणजे त्या थ्रेडच्या स्वतःच्या खिशातली किल्ली आणि किंमत अशा जोड्यांची यादी, त्या नकाशात एक किंमत, आणि ती किंमत म्हणजे मी स्वतः सहा महिन्यांपूर्वी लिहिलेला क्लास. लॉगिन केलेल्या माणसाची माहिती प्रत्येक फंक्शनला हातोहात द्यावी लागू नये म्हणून मी ती थ्रेडलोकलमध्ये ठेवली होती. विनंती सुरू झाली की ठेवायची. विनंती संपली की काढायची असते, ती मी काढली नव्हती. पुढच्या विनंतीला नवी माहिती जुनीवर बसायचीच, मग काढायचं कशाला, असा माझा विचार.

पण ते थ्रेड आपले नसतात. ते टॉमकॅटच्या पूलमधले, आपलं ॲप्लिकेशन गेल्यावरही राहणारे, दुसऱ्या दोन ॲप्लिकेशन्सची कामं करणारे. त्यांच्या खिशात मी माझी वस्तू ठेवून निघून गेले होते.

थ्रेडलोकल बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे, हेही सांगायला हवं. त्या नकाशात किल्ली, म्हणजे थ्रेडलोकल स्वतः, वीक संदर्भाने धरलेली असते. बाहेर तिला कोणी धरलं नसेल तर ती जाते आणि यथावकाश तिच्यासमोरची किंमतही काढली जाते. मग आमचं का अडलं? किंमत पक्क्या संदर्भाने धरलेली. किंमत आमच्या क्लासची. क्लास आमच्या लोडरचा. लोडरकडे सगळे क्लास, त्यातल्याच एकात स्टॅटिक फील्ड, आणि त्या स्टॅटिक फील्डमध्ये तो थ्रेडलोकल. म्हणजे जी किल्ली सैल सोडली होती तिलाच समोरची किंमत फिरून मागून धरून ठेवत होती. कागदावर बाण काढले तेव्हा वर्तुळ पुरं झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या जागी जावाची एखादी साधी तारीख असती तर हे झालं नसतं, कारण तारखेचा क्लास जावाचा, तो आमच्या लोडरकडे बोट दाखवत नाही. आमची स्वतःची वस्तू ठेवली म्हणून झालं. उपाय: फायनली ब्लॉकमध्ये, म्हणजे काहीही झालं तरी शेवटी चालणाऱ्या भागात, रिमूव्ह, एक ओळ.

तिसरी पकड एका टायमरची होती, रात्री सुट्ट्यांची यादी वाचणारा एक थ्रेड, जो ॲप्लिकेशन थांबलं तरी झोपून उठून झोपत होता. त्याला कॅन्सल लागलं. चौथी आमची नव्हतीच. नवा थ्रेड जन्मतो तेव्हा ज्याने त्याला जन्म दिला त्याचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर तो वारशाने घेतो. जावाच्या आतल्या काही सोयी पहिल्यांदा वापरल्या की स्वतःचा एक कायमचा थ्रेड सुरू करतात. ती पहिली वेळ आपल्या ॲप्लिकेशनच्या हातून घडली तर आपला लोडर त्या थ्रेडला कायमचा चिकटतो. काही चूक नसताना. याला टॉमकॅटचा उपाय असा की सर्व्हर उठतानाच एक लिसनर अशा सोयींना एकेकदा हात लावून ठेवतो, म्हणजे वारसा सर्व्हरच्या लोडरचा लागतो. त्यासाठी आम्ही ऑगस्टमध्ये टॉमकॅटच बदलला.

किल्ली मिळाली गणपतीत. आईने देवगडला फोन करून काकूंशी बोलणं काढलं, काकांशी नव्हे. काकूंना आठवलं की किल्ली त्यांनी भांडुपच्या नणंदेकडे ठेवायला दिली होती, पंचवीस वर्षांपूर्वी. नणंद वारली होती. तिची सून शोधायला लागली आणि मसाल्याच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, लवंगांच्या वाटीखाली, ती मिळाली. सून स्वतः घेऊन आली. आई तिच्याबरोबर वर गेली, पिशवी सोडली, दार उघडलं. आत एक लोखंडी कॉट, एक स्टोव्ह, भिंतीवर कॅलेंडर, आणि कोनाड्यात गिरणीच्या हजेरीचं पितळी टोकन. काकांना तेवढंच हवं होतं. आईने ते रुमालात बांधून देवगडला पाठवलं. सही आठवड्यात आली.

आता हे सगळं जुनं झालं. मार्च २०१४ मध्ये जावा ८ आला आणि पर्मजेन गेली. तिच्या जागी मेटास्पेस आली, जी मशीनच्या मूळ मेमरीतून जागा घेते आणि मर्यादा घालून दिली नाही तर मागेल तेवढी घेत राहते. तेव्हा आमच्या क्षेत्रात आनंदीआनंद होता, आता ती चूक दिसणार नाही म्हणून. ओळ दिसत नाही हे खरं. पण लोडर धरलेला असेल तर धरलेलाच राहतो, जुने क्लास तसेच साठत जातात, आणि मशीनची मेमरी भरली की लिनक्स स्वतःच्या हिशेबाने एखादी प्रोसेस मारून टाकतो. जावाच्या लॉगमध्ये शेवटचा शब्दसुद्धा नसतो. मला विचाराल तर पर्मजेनची ती ओळ बरी होती. ती ओरडायची. मेटास्पेसला कमाल मर्यादा घाला असं मी माझ्या टीमला आजही सांगते, ते ह्यासाठीच.

आणि आता रीडिप्लॉय करतं कोण? कंटेनर आले, म्हणजे प्रत्येक ॲप्लिकेशन आपापल्या वेगळ्या डब्यात. ॲप्लिकेशन बदलायचं म्हणजे सगळी प्रोसेस मारायची, नवी उभी करायची. प्रोसेस मेली की थ्रेड, ड्रायव्हरमॅनेजर, त्याची यादी, सगळं तिच्याबरोबर जातं. हे सोपं आहे आणि मला मान्य आहे. रात्री दोनला मी पण तेच निवडेन. पण गेल्या वर्षी टीममध्ये आलेल्या मुलीने मला विचारलं की डिस्ट्रॉइडमध्ये काय लिहायचं असतं, ते नेहमी रिकामंच का असतं, तेव्हा मी तिला बसवून घेतलं आणि दीड तास बाण काढून दाखवले. तिने ऐकलं. तिच्या कोडमध्ये एक एक्झिक्युटर, म्हणजे थ्रेड चालवणारा भाग, होता, त्याला शटडाऊन नव्हता. तिने तो तिथल्या तिथे लिहिला.

परत त्या वर्षाकडे. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही दुरुस्त केलेलं ॲप्लिकेशन खऱ्या सर्व्हरवर चढवलं. क्लास निघून जातात तेव्हा त्यांची नावं लॉगमध्ये छापण्याचा एक पर्याय असतो, तो मी सुरू करून ठेवला होता. एरवी त्यात फक्त जनरेटेडमेथडॲक्सेसर नावाचे, जावाने स्वतःच बनवलेले फुटकळ क्लास जाताना दिसायचे. त्यांचं जाणं-येणं चालूच असतं. पहिला रीडिप्लॉय झाला. मी जेकन्सोलमध्ये, म्हणजे जावाच्या मेमरीचा आलेख दाखवणाऱ्या साधनात, जीसीचं (गार्बेज कलेक्शनचं) बटण दाबलं.

दोनेक सेकंद काही नाही. मग ओळी सुटल्या. अनलोडिंग क्लास, अनलोडिंग क्लास, अनलोडिंग क्लास. स्प्रिंगचे, हायबरनेटचे, मायएसक्यूएलचे. मग आमचे: हप्ता, पावती, दंडाची आकारणी, वारसदार, आणि मी थ्रेडच्या खिशात विसरलेला तो. वाचता येत नव्हतं इतक्या वेगाने, तरी आपण लिहिलेलं नाव डोळ्याला बरोबर सापडतं. आलेखावर पर्मजेनची रेघ जिथून चढली होती तिथे खाली आली.

मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. “अजून एकदा कर,” त्या म्हणाल्या. मी केलं. “अजून.” आम्ही अकरा वेळा केलं. अकराव्यालाही रेघ खाली आली. एसी केव्हाच बंद झाला होता आणि आम्हा दोघींच्या लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांनी वही उघडली. मला वाटलं, लाल ओळीवर काट मारतील. त्यांनी मारली नाही. तिच्यासमोर फक्त आमच्या ॲप्लिकेशनचं नाव लिहून ‘सोडून’ असं लिहिलं आणि तारीख घातली. एजंटचं आणि क्लेमचं बाकी होतं. त्यांना अजून कोणीतरी धरून होतं. पहाटेच्या पहिल्या गाडीने मी कळव्याला आले, रविवारभर झोपले, आणि सोमवारी क्लेमचा डंप काढायला घेतला.